रत्नागिरीतली घरपोच भाडेकरार सर्व्हिस : काम चोख, पण छापील मसुद्यावर डोळे मिटून अंगठा देऊ नका

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली येईलच. रत्नागिरीत भाड्याने घर घेताय आणि मालक मुंबईला राहतो (इथे निम्म्या घरांचे मालक तिकडेच असतात) तर ही सर्व्हिस बिनधास्त घ्या, फक्त त्यांचा छापील मसुदा आहे तसा मान्य करू नका, कारण तो सरळ सरळ मालकाच्या बाजूने लिहिलेला आहे. बदलून मागितला तर मात्र कुरकुर न करता बदलून देतात. एजंटचं नाव टाकत नाहीये, शहर लहान आहे, मी तक्रारीपण लिहिणार आहे आणि मला अजून इथेच राहायचंय. मारुती मंदिर ते साळवी स्टॉप नुसतं चालत गेलात तरी असे बोर्ड दिसतील, खाली जे लिहिलंय ते त्यातल्या कुणाकडेही गेलात तरी कामाला येईल.

सर्व्हिस म्हणजे काय, तर लिव्ह अँड लायसन्स करार (घर ठरावीक मुदतीपुरतं वापरायची परवानगी, नेहमीचा भाडेपट्टा नव्हे) ऑनलाइन रजिस्टर करून देणं. सब-रजिस्ट्रार ऑफिसला जायला लागत नाही, हा माणूस लॅपटॉप, वेबकॅम आणि थंबचं मशीन घेऊन घरी येतो, आधारवरून अंगठा जुळवतो, फोटो काढतो, मग कागद ऑनलाइनच सब-रजिस्ट्रारकडे जातो आणि तिकडून मंजूर झाला की पीडीएफ येते. आमचे मालक काका डोंबिवलीला, त्यांचा अंगठा तिकडच्या एका ओळखीच्या एजंटने त्यांच्या घरी जाऊन घेतला आणि आमचा इथे रत्नागिरीतल्या नाचणे भागात, दोघांना एका जागी यायची गरजच पडली नाही. मला तर हीच सगळ्यात मोठी सोय वाटली, नाहीतर काका गणपतीशिवाय इकडे फिरकत नाहीत आणि तोपर्यंत आम्ही नुसत्या तोंडी बोलीवर राहिलो असतो. इथे बरेच जण तसेच राहतात.

आता पैशाचं, कारण सगळे पहिलं तेच विचारतात. त्याने सगळं मिळून ३५०० सांगितले. मी म्हटलं दादा फोड द्या, सरकारी किती आणि तुमचे किती. जरा थांबला, पण दिली. आमचं भाडं पहिले अकरा महिने ९५०० आणि पुढचे अकरा महिने १०,०००, डिपॉझिट ३०,०००. स्टॅम्प ड्युटीचा हिशोब असा की पूर्ण मुदतीचं भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्याने धरलेलं व्याज, या सगळ्याच्या पाव टक्का, म्हणजे ०.२५ टक्के. भाडं झालं २,१४,५००, व्याज धरलं ५५००, एकूण २,२०,०००, त्यावर ड्युटी ५५० रुपये. नोंदणी फी शहरी भागात १००० (ग्रामीणला ५००) आणि वर डॉक्युमेंट हँडलिंगचे ३००. म्हणजे सरकारी १८५० आणि त्याचे १६५०. दोन ठिकाणी दोन माणसं घरी पाठवली या हिशोबाने १६५० मला जड नाही वाटले, पण फोड मागितलीच पाहिजे आणि सरकारी पैसे भरल्याच्या चलनाची कॉपीपण मागून घ्या, कारण "स्टॅम्पच दोन हजाराचा लागतो ताई" असं सांगणारेपण आहेत, एकाने मला फोनवर सांगितलं होतं.

आणि इथेच एक मेख आहे. तुम्ही म्हणाल बावीस महिने कशाला, सगळे तर अकराचंच करतात. अकरा महिन्यांची सवय लागली ती १९०८ च्या नोंदणी कायद्यामुळे, वर्षावरचा भाडेपट्टा त्यात रजिस्टर करावाच लागतो म्हणून लोक एक महिना कमी लिहून सुटायचे. पण महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने ती पळवाटच बंद केलेली आहे, अकरा महिने असो नाहीतर पाच, करार लेखी आणि रजिस्टरच लागतो. मग अकराचा फायदा कुणाला? एजंटला! दर अकरा महिन्यांनी त्याची फी नव्याने. ड्युटी तर भाड्याच्या प्रमाणातच वाढते, ती किरकोळ, नोंदणी फी मात्र दरवेळी पुन्हा भरायची. हा करार साठ महिन्यांपर्यंतचा करता येतो. मी काकांना छत्तीस म्हटलं, ते दचकले, त्यांना वाटलं घर गेलं हातातून, शेवटी बावीसवर जमलं. एजंट हे आपणहून सांगत नाही, पहिल्या फोनला "अकरा ना?" असंच विचारतो.

खर्च आम्ही अर्धा अर्धा केला. कायद्याने रजिस्टर करून घ्यायची जबाबदारी मालकाची आहे, केलं नाही तर शिक्षापण मालकालाच, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. पण खर्च कुणी करायचा ते आपसात ठरतं. मी अर्ध्यावर खूश होते, कारण मसुदा बदलायचा हट्ट माझा होता.

तर मसुदा. मुख्य लिहायचंय ते याच्याबद्दल.

त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला ड्राफ्ट मराठीत होता, यासाठी त्याला खास मार्क, बरेच जण इंग्रजीच देतात आणि काकूंना त्यातलं अक्षर कळलं नसतं. पण मजकूर असा की एखाद्या मालकाच्या वकिलाने लिहावा. भाडेकरूला अकरा महिने सोडता येणार नाही, मालकाला मात्र एक महिन्याच्या नोटिशीवर कधीही खाली करून मागता येईल. मालक "केव्हाही" पाहणी करतील. डिपॉझिटमधून रंगकाम, साफसफाई "व इतर खर्च" वजा होईल. दुरुस्ती सगळी भाडेकरूने. मी एजंटला विचारलं की हे कुणी लिहिलं, तर म्हणाला ताई हा सगळ्यांचा सेम असतो, कोण वाचत नाही, मालक लोक खूश असतात. खरंच बोलला बिचारा.

लोकांना वाटतं रजिस्टर झालं म्हणजे आपण सेफ. तर तसं नसतं. त्याच १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ मध्ये लिहिलंय की लायसन्सच्या लेखी करारात जे नमूद आहे तो निर्णायक पुरावा धरला जाईल. म्हणजे तुम्ही "पण काका तोंडी तर वेगळं बोलले होते" म्हणून रडलात तरी कागदावर जे आहे तेच. आणि मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. रजिस्टर करार मालकाला घट्ट पकडतो तसाच आपल्यालाही पकडतो. म्हणून जे काय भांडायचं ते अंगठ्याच्या आधी.

मी काय काय बदलून घेतलं ते सांगते, उचलून वापरा.

नोटीस दोघांना सारखी, एक महिना, व्हॉट्सअ‍ॅप मेसेज किंवा पत्र चालेल असं स्पष्ट. पाहणीला आदल्या दिवशी कळवायचं. हे काही मी मनाने मागितलेलं नाही, कायद्यातच आहे की मालकाने आधी सूचना देऊन आणि योग्य वेळेलाच घर बघायचं, आणि तिथे लायसन्सवर राहणाऱ्यांचाही उल्लेख आहे. दुसरी चावी काकांकडे राहील पण आम्ही नसताना दार उघडायचं ते फक्त आग, पाणी गळती असल्या इमर्जन्सीला आणि तेही फोन करून.

दुरुस्तीला मात्र वेळ लागला, कारण कोकणात घर म्हणजे पाऊस. आमचं घर जांभ्याचं, वर स्लॅब आहे पण मागच्या पडवीला कौलं. ड्राफ्टमध्ये एका ओळीत "किरकोळ व मोठी दुरुस्ती भाडेकरूने करावी". मी ते तोडून लिहायला लावलं : कौलं परतणं, स्लॅबची गळती, पन्हळी, विहिरीचा पंप, संडासची टाकी, भिंतीतली वायरिंग हे मालकाचं, आणि आगोटीच्या आधी म्हणजे मे संपायच्या आत. नळाचा वॉशर, बल्ब, कडी-कोयंडा आमचं. आम्ही कळवल्यापासून पंधरा दिवसात मालकाने केलं नाही तर आम्ही करून बिल भाड्यात वळतं करू, वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्श्यापर्यंत. हे पंधरा दिवस आणि पाव हिस्सा कायद्यातूनच उचललं, भाडेकरूंसाठी कलम १४ मध्ये तशी सोय आहे. एजंटला हे माहीत नव्हतं, पण टाईप करून घेतलं त्याने.

आणि ओल! घाटावरच्या लोकांना हे कळणार नाही. जुलैत इथे कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, भिंतीला हात लावला तर ओला होतो, यात भाडेकरूने काय केलं? त्यामुळे "पावसाची ओल, बुरशी, खाऱ्या हवेने गंजणं आणि नेहमीच्या वापराने होणारी झीज यासाठी डिपॉझिटमधून कपात होणार नाही" हे शब्दशः घालून घेतलं. कपात झालीच तर बिल दाखवून, आणि बाकी डिपॉझिट चावी देताना त्याच दिवशी. डिपॉझिटवर महाराष्ट्रात असल्या करारांना कायद्याची काही मर्यादा नाही. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडे कायदा काढला त्यात राहत्या घराला दोन महिन्यांचीच मर्यादा आहे, पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय आपल्याला त्याचा उपयोग नाही. म्हणजे डिपॉझिटचं जे काय संरक्षण ते करारातल्या त्या दोन ओळींचं.

पाणी-वीज. कलम २९ म्हणतं मालकाने पाणी, वीज, जिन्यातले दिवे असल्या आवश्यक गोष्टी तोडायच्या नाहीत. पण ते सगळं "भाडेकरू" म्हणून लिहिलंय आणि लिव्ह अँड लायसन्सवर राहणारे आपण कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो, लायसेन्सी असतो. वकील लोक यावर वाद घालतील, तोवर आपण शेजाऱ्याच्या विहिरीवरून बादल्या आणणार. त्यापेक्षा करारात एक ओळ, भाड्याचा वाद असला तरी पाणी आणि वीज बंद करणार नाही. सोबत महावितरणचा ग्राहक क्रमांक आणि आत शिरल्या दिवसाचं मीटर रीडिंग करारातच. बिल आम्ही थेट अ‍ॅपवर भरतो, युनिटला मालक सांगेल तो रेट हा प्रकारच नाही.

शेवटचं खास आपल्या इकडचं, गणपती. वरचा मजला काकांचा, बंद असतो. गणपतीला डोंबिवली, विरार, बदलापूर सगळीकडून मिळून वीसेक माणसं येतात आणि पंप एकच, मीटर एकच, आणि तो आमच्या बिलात. मागचे भाडेकरू म्हणे यावरूनच सोडून गेले. मी काकूंना फोनवर म्हटलं, काकू गणपती तुमचाच, घर तुमचंच, आरतीला आम्ही येणारच आहोत, फक्त त्या महिन्याचं जास्तीचं बिल तुमचं असं लिहूया का. हसल्या, म्हणाल्या लिही गो, त्यात काय. शिमग्यालापण तसंच. परड्यातला हापूस आणि नारळ मालकाचे हेही लिहिलं, ते काकांनी स्वतः सांगून घालायला लावलं, फणसाचं मात्र कुणालाच सुचलं नाही त्यामुळे तो सध्या आम्ही खातो.

एजंटने हे सगळं दोन वेळा टाईप करून पाठवलं, एक्स्ट्रा चार्ज नाही घेतला. चार स्टार मुख्यतः याचे. दुसऱ्या एकाने, ज्याला आधी फोन केला होता, "फॉरमॅट लॉक आहे, बदलता येत नाही" म्हणून सांगितलं. असं कुणी म्हणालं तर दुसरीकडे जा, अटी-शर्तींच्या भागात आपलं लिहिता येतं.

आता मालकाशी बोलायचं कसं, कारण एजंट कितीही चांगला असला तरी हे तो करून देत नाही. आपल्याकडे लिहून मागितलं की माणसं दुखावतात. काकांचंही पहिलं वाक्य तेच होतं, "काय गो, इस्वास नाय काय आमच्यावर?" यावर वाद घालायचा नाही. मी म्हटलं काका तुमच्यावर आहे हो, पण उद्या तुमचा मुलगा व्यवहार बघायला लागला तर त्याला कसं कळणार आपलं काय ठरलंय. हे पटलं त्यांना, कारण मुलाचं आणि त्यांचं स्वतःचंच पटत नाही.

नंतर नियम एकच, फोनवर जे बोलणं होईल ते लगेच मेसेजमध्ये. भांडणाच्या सुरात नाही, साधं. माझा एक मेसेज असा होता : "काका नमस्कार, आत्ता बोललो त्याप्रमाणे मागच्या पडवीची कौलं २५ मेच्या आत परतून घ्यायची, कौलं परतणारा माणूस तुम्ही पाठवताय, पैसे तुमच्याकडून. गळतीचे फोटो सोबत पाठवलेत. काही चुकलं असेल तर सांगा." शेवटचं वाक्य घालायचंच. समोरच्याने नुसता अंगठा टाकला तरी झालं काम, काहीच नाही बोलले तरी तारीख तर राहते. भाडं बँकेतून किंवा यूपीआयने, रिमार्कमध्ये महिना. कॅश मागत असतील तर पावती, पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. घरात शिरल्या दिवशी सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ काढून त्यांनाच पाठवला, तडे, डाग, गंजलेली खिडकी सगळं, खाली लिहिलं "आज ताबा घेतला तेव्हाची स्थिती". काकू म्हणाल्या छान दिसतंय घर.

हे सगळं मी कुठून शिकले, तर आधीच्या घरातून. तेव्हा राहत होतो मांडवीच्या बाजूला, समुद्र जवळ, हवा मस्त, पण करार म्हणजे स्टॅम्प पेपरवर नोटरी. नोटरी म्हणजे रजिस्टर नव्हे, इथे निम्म्या गावाला हा फरक माहीत नाही. (आता तो स्टॅम्पपण १०० चा चालत नाही, ऑक्टोबर २०२४ पासून कमीत कमी ५०० झालाय, म्हणजे बिनकामाच्या कागदाला पाचशे.) घर सोडताना मालक म्हणाले भिंतीला ओल आली, खिडकीचे गज गंजले, रंग काढायला लागेल, डिपॉझिटच्या २५,००० मधले ७००० घ्या. समुद्राकाठी गज गंजले म्हणून भाडेकरूचे पैसे कापणारा माणूस बघायचा राहिला होता तोही बघितला.

मी भांडले नाही. जिल्हा कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथे गेले. बायकांना तिथे उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदत मिळते, १९८७ च्या कायद्यातच आहे, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, मुलं यांनाही. बाकीच्यांना उत्पन्नाची अट आहे. १५१०० ही हेल्पलाइनपण आहे. तिथल्या वकील मॅडमनी पहिल्यांदा विचारलं करार रजिस्टर आहे का. म्हटलं नाही. मला वाटलं संपलं आता. तर त्या म्हणाल्या, उलट बरं आहे, कारण कलम ५५ सांगतं की लेखी रजिस्टर करार नसेल तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते धरून चालायचं, जोवर उलट सिद्ध होत नाही तोवर. म्हणजे रंगकाम कापायचं ठरलं होतं हे मालकाने सिद्ध करायचं, मी नाही.

मग एक पानी पत्र, मराठीत, पोहोच पावतीसह पोस्टाने. त्यात तारखा, भाडं वेळेवर दिल्याच्या नोंदी, शिरतानाचे फोटो, कलम ५५, रजिस्टर न केल्याची शिक्षा, आणि पंधरा दिवसात पैसे आले नाहीत तर दिवाणी दावा. धमकी नाही, शिवी नाही. पैसे आले, बहुतेक सगळे, ३००० मी सोडून दिले कारण एक काच आमच्याकडूनच फुटली होती. अशा वसुलीच्या दाव्याला तीन वर्षं मुदत असते हे लक्षात ठेवा, लोक सहा महिन्यांत हार मानून बसतात.

त्यावरून कुणी म्हणेल मग रजिस्टर करायचंच कशाला, तोंडी बोलीत तर आपलंच ऐकतात. असं करू नका हो. गॅस कनेक्शन, आधारवरचा पत्ता, पोरांची शाळा, ऑफिसचा एचआरए (घरभाडे भत्ता), बऱ्याच ठिकाणी रजिस्टर करार मागतात, आणि मालकाने कुलूप बदललं तर पोलीस स्टेशनला तुम्ही इथे राहता हे दाखवायला तोच कागद. एचआरएवरून आठवलं, जुन्या टॅक्स पद्धतीत असाल आणि वर्षाचं भाडं एक लाखावर जात असेल तर मालकाचा पॅन द्यावा लागतो. हे आधी बोलून घ्या, नंतर मार्चमध्ये पॅन मागितला की चांगली चांगली माणसं फोन उचलत नाहीत. आमच्या काकांनी करारातच दिला.

अजून एक गैरसमज, "वर्षाला चार टक्क्यांवर भाडं वाढवता येत नाही". हे मला दोघा-तिघांनी ठामपणे सांगितलं. तो चार टक्क्यांचा नियम भाडे नियंत्रणाखालच्या खऱ्या भाडेकरूंसाठी आहे, जुनी पागडीची घरं वगैरे. लिव्ह अँड लायसन्सला करारात लिहाल तेवढी वाढ. म्हणूनच आम्ही दुसऱ्या अकरा महिन्यांचा आकडा आधीच लिहून ठेवला, नाहीतर इथे हल्ली मे महिन्यात पर्यटक वाढले की मालकांना होमस्टेची स्वप्नं पडतात आणि भाडेकरूला एकदम "पंधरा देणार का?" असा फोन येतो.

आता एक स्टार कापला त्याबद्दल.

पहिलं म्हणजे वेळ. सकाळी येतो म्हणाला, संध्याकाळी आला, तेही लाईट गेलेली असताना, मग मोबाईलच्या हॉटस्पॉटवर सगळं, थंब चार वेळा फेल. माझ्या आईचा अंगठा (ती सहभाडेकरू आहे) शेवटपर्यंत लागेना, भांडी-पाण्याचे हात, रेषा पुसट झालेल्या, मग दुसरी बोटं लावून बघितली तेव्हा एकदाचं जुळलं. यात त्याचा दोष नाही म्हणा, पण वयस्कर कोण असेल तर आधी सांगून ठेवा आणि आधार अपडेट करून घ्या.

दुसरं जास्त गंभीर. सुरुवातीलाच सगळ्यांच्या आधारचे पूर्ण फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागितले आणि नंतर मी विचारलं की हे डिलीट करता का, तर नुसता हसला. आधीच्या कुणाचा तरी करार नमुना म्हणून मला पाठवला होता त्यात त्या माणसाचा पत्ता, पॅन सगळं दिसत होतं! हे अजिबात चालणार नाही. आम्ही मास्क केलेलं, म्हणजे नंबर बराचसा झाकलेलं आधार पाठवलं आणि पूर्ण नंबर तो समोर बसला असताना टाकू दिला. तुम्हीपण तेच करा.

तिसरं, चुका. पहिल्या ड्राफ्टमध्ये घर क्रमांक चुकीचा, काकांच्या वडिलांचं नाव अर्धं, आणि आमचं आडनाव त्याने मनानेच बदललेलं. अंगठ्याच्या आधी दिसलं म्हणून बरं, नोंदणी झाल्यावर चूकदुरुस्तीपत्र करत बसायला लागतं आणि त्याला दोघांचेही अंगठे पुन्हा. घरपट्टीची पावती समोर ठेवून अक्षर अक्षर तपासा, लाईट बिलावरचं नाव बघू नका, ते बऱ्याचदा आजोबांच्या नावावर असतं.

चौथं किरकोळ आहे. पोलीस स्टेशनला भाडेकरूची माहिती द्यायचे वेगळे ३०० मागितले. ते काम मालकाचं आहे आणि स्टेशनला फॉर्म नेऊन दिला की होतं, ऑनलाइनपण करता येतं, यासाठी पैसे कशाला. काकांच्या वतीने आम्हीच भरून दिलं.

पीडीएफ मात्र सांगितल्या दिवशी आली, प्रत्येक पानावर नोंदणीचा शिक्का, सूची क्रमांक दोन (नोंदणीचा सरकारी गोषवारा) त्याच्यासकट. प्रिंट तो देत नाही, बाहेर काढायला लागते. एक प्रिंट काकांना पोस्टाने पाठवली, एक आमच्याकडे.

मालक लोकांनाही सांगते, तुम्हीपण याच्याकडूनच करा, छापील मसुदा तुम्हाला आवडेलच, पण भाडेकरूने बदल मागितले तर चिडू नका, मुदत संपल्यावर घर परत मिळवायला तुम्हालाही हाच कागद लागणार आहे.

कुणाला ही सर्व्हिस नको : मालक परदेशात असेल आणि आधार नसेल तर हे ऑनलाइन प्रकरण जमणार नाही, सरळ वकील गाठा. मुदत अगदी दोन-तीन महिन्यांची असेल तरी रजिस्टर लागतंच, पण १६५० फी तेवढ्यासाठी महाग पडेल, घासाघीस करा, १२०० ला येईल असं वाटतं. नंबर हवा असेल तर मला मेसेज टाका, आणि त्याला फोन करायचा तर दुपारी दोन ते चार सोडून करा, तेव्हा झोपलेला असतो.